मांडवा ते गेटवे: लाँचने एक दिवसाची मुंबई

मुंबईचा समुद्र म्हटला की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर मरीन ड्राइव्ह येतो. पण मुंबईचं बंदर त्या बाजूला नाही. ते पाठीमागे, पूर्वेला आहे. पश्चिमेचा वारा आणि लाटा कुलाब्यापासून वर पसरलेली जमीन अंगावर घेते. तिच्या आडोशाला, बेट आणि उरणच्या किनाऱ्यामध्ये, गलबतांना निवांत नांगर टाकता येईल असं पाणी मिळतं. ही गोष्ट नकाशात दिसते. मला ती पटली मात्र मांडव्याहून लाँचने जाताना.

आम्ही दोघं अलिबागकर. हिवाळ्यात एखादा दिवस काढून सकाळी लाँचने मुंबई गाठायची, पायी हिंडायचं आणि संध्याकाळी परतायचं, असा आमचा जुना शिरस्ता आहे. ज्यांना हे करून बघायचं आहे त्यांच्यासाठी सगळं क्रमाने सांगतो.

आधी तिथी पाहा. किनाऱ्यावरच्या घरांतून चालत आलेला हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट करा, म्हणजे पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, दशमीला साडेसात. त्यानंतर साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी आणि पुन्हा तेवढ्याच वेळाने भरती. दुसऱ्या दिवशी सगळं पाऊण-एक तास पुढे सरकतं. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमाराला उधाण असतं, तेव्हा पाणी चढतंही जास्त आणि उतरतंही जास्त. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, म्हणजे चढउतार कमी. गुडघे दुखणाऱ्यांनी भांगाचे दिवस निवडावेत. कारण धक्क्याच्या पायऱ्या दगडी आहेत आणि लाँच पाण्याबरोबर वरखाली होते. उधाणाच्या ओहोटीला शेवाळलेल्या खालच्या पायऱ्यांवरून चढउतार करावी लागते.

अलिबागहून लाँचवाल्यांची बस मांडव्याला नेते. तिचं भाडं लाँचच्या तिकिटातच असतं. रस्त्याने पनवेलवरून मुंबई शंभर किलोमीटरच्या वर पडते. पाण्यावरून हे अंतर पंधरा किलोमीटरच्या आत आहे आणि लाँचला तासाभरात पुरतं. गाडी न्यायची असेल तर रो-रो बोट आहे. मार्च 2020 मध्ये सुरू झालेली ही बोट गेटवेला न जाता भाऊच्या धक्क्याला लागते. नावातच तिचं काम आहे: गाडी चाकांवर आत जाते आणि चाकांवरच बाहेर येते. पण चालायला निघालेल्या दोघांनी गेटवेचीच लाँच घ्यावी, असं माझं ठाम मत आहे.

बसायचं डाव्या हाताला. डावीकडे कुलाब्याचं टोक आणि त्यापुढे खडकावर प्रॉन्ग्ज दीपगृह दिसतं. उजवीकडे उरण-करंजाचे डोंगर, त्यांच्यामागे घारापुरी, आणि तिच्या पलीकडे 1989 मध्ये सुरू झालेल्या न्हावाशेवा बंदराच्या उंच क्रेन. मध्ये नांगरलेली मोठी जहाजं असतात. गेल्या खेपेला दशमी होती. परतताना सौ. म्हणाली, ''अहो, सकाळी या जहाजांची नाळ मुंबईकडे होती ना? आता तर समुद्राकडे झालीय.'' तिचं बरोबर होतं. नांगरलेलं जहाज नाळेशी, म्हणजे पुढच्या टोकाशी, बांधलेलं असतं, म्हणून पाणी जिकडून येतं तिकडे ते तोंड करतं. सकाळी ओहोटीचं पाणी खाडीकडून बाहेर निघालं होतं, संध्याकाळी भरतीचं पाणी आत शिरत होतं. वारा फार नसेल तर एका नजरेत भरती की ओहोटी ते सांगता येतं, घड्याळ नको की पंचांग नको.

कुरव लाँचच्या मागे लागतात आणि लोक त्यांना गाठ्या, वेफर्स फेकतात. कृपा करून हे करू नका. तळलेलं-खारवलेलं हे त्या पक्ष्यांचं अन्न नव्हे.

मग गेटवे. ही कमान पाण्यावरून येणाऱ्यासाठी उभी आहे, म्हणून ती लाँचमधूनच पूर्ण कळते. 1911 मध्ये पंचम जॉर्ज आणि राणी मेरी इथे उतरले तेव्हा ती बांधलेलीच नव्हती. पायाचा दगड 1913 चा आणि उद्घाटन 1924 चं. फेब्रुवारी 1948 मध्ये ब्रिटिश फौजेची शेवटची तुकडी याच कमानीतून बाहेर पडली. धक्क्याला कधी कधी लाँच एकमेकींना चिकटून लागतात, तेव्हा एकीतून दुसरीत पाऊल टाकत उतरावं लागतं. खलाशी हात देतो, तो घ्यावा, संकोच नको.

उतरल्या उतरल्या परतीची शेवटची लाँच किती वाजता ते खिडकीवर विचारा. संध्याकाळनंतर लाँच नसते.

शहरात फार ठिकाणं धरू नयेत. आम्ही दहा मिनिटं चालून छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जातो. गेटवेचा वास्तुकार जॉर्ज विटेट यानेच ही इमारतही आखली. तिथून बॅलार्ड इस्टेट. बंदर समजून घ्यायचं तर ही पेठ चुकवू नये. अलेक्झांड्रा गोदी, म्हणजे आजची इंदिरा गोदी, 1914 मध्ये पुरी झाली. ती खणताना निघालेला माती-दगड समुद्रात टाकून ही जमीन तयार केली आणि तिच्यावर रुंद रस्ते व एकसारख्या उंचीच्या इमारती उभ्या केल्या. खड्ड्यातून गोदी झाली आणि मातीतून पेठ. जेवायला तिथेच 1923 पासूनचं ब्रिटानिया आहे, बेरी पुलाव आणि कॅरामल कस्टर्डसाठी.

पावसाळ्यात, जूनपासून साधारण ऑगस्टअखेर, गेटवेच्या लाँच बंद असतात. बंदराचं तोंड नैर्ऋत्येला उघडं आहे आणि मोसमी वाराही तिकडूनच येतो. तेव्हा कुलाब्याचा आडोसा पुरत नाही. रो-रो बोट मोठी, म्हणून हवा बघून ती चालते.

शेवटची गोष्ट मात्र हवा कशीही असली तरी लागू आहे. 18 डिसेंबर 2024 रोजी दुपारी घारापुरीला निघालेल्या प्रवासी बोटीवर याच बंदरात नौदलाची वेगवान बोट आदळली आणि माणसं दगावली. लाँचमध्ये पाऊल ठेवलं की लाइफ जॅकेट मागून घ्या, अंगात घाला, पट्टे आवळा, आणि शेजारी बसलेल्या आपल्या माणसाचेही बघा.