सीबीसीच्या कागदातला भागाकार

कोविडच्या लाटेत, २०२१च्या एप्रिल-मेमध्ये, महाराष्ट्रातल्या फॅमिली ग्रुपवर सुप्रभाताच्या फुलांआधी लॅबचे पीडीएफ येऊन पडत. सीआरपी, डी-डायमर, फेरिटिन ही नावं बँकेतून निवृत्त झालेल्या काकांनाही तोंडपाठ झाली होती. त्या गडबडीत स्वस्तातल्या सीबीसीकडे, म्हणजे रक्तपेशींच्या साध्या मोजणीकडे, कुणी ढुंकूनही पाहत नव्हतं. वास्तविक, आजार कुठल्या दिशेने निघालाय याची चाहूल तिथेही लागते.

सीबीसीच्या कागदावर पांढऱ्या पेशींची टक्केवारी असते. न्यूट्रोफिल साधारण ४० ते ७५, लिम्फोसाइट २० ते ४०. पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागलं की एनएलआर (न्यूट्रोफिल-लिम्फोसाइट गुणोत्तर) मिळतो. ६२ आणि ३१ असतील तर उत्तर २. धडधाकट माणसात ते बहुधा १ ते ३च्या आतबाहेर असतं. ८४ आणि ७ असतील तर १२, आणि मग डॉक्टर रुग्णाला घरी पाठवताना दोनदा विचार करतात. विषाणूने ग्रासलेल्या पेशी हेरून मारण्याचं काम लिम्फोसाइटचं. आजार चिघळला की त्या मरतात किंवा रक्त सोडून फुप्फुसासारख्या अवयवांकडे वळतात. उलट शरीरावरच्या ताणामुळे आणि दाहामुळे न्यूट्रोफिलची संख्या वाढते. जानेवारी २०२०मध्ये वुहानच्या पहिल्या ४१ रुग्णांची माहिती ‘लॅन्सेट’मध्ये आली, तेव्हाच २६ जणांच्या लिम्फोसाइट घटलेल्या दिसल्या होत्या.

दाहाची खबर देणाऱ्या सीआरपीची गोष्ट जुनी आहे. १९३० साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये टिलेट आणि फ्रान्सिस यांना न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात हे प्रथिन सापडलं. ते यकृतात तयार होतं, मुख्यतः आयएल-सिक्स या दाहाचा निरोप देणाऱ्या प्रथिनाच्या इशाऱ्यावर. तयार होणं थांबलं की साधारण १९ तासांत रक्तातलं प्रमाण निम्म्यावर येतं. त्यामुळे एका दिवसाच्या आकड्यापेक्षा काल किती होता आणि आज किती आहे, हे बघण्यात खरी मजा.

पण सीआरपी दाढ सुजली तरी वाढतो. एम्सचे तेव्हाचे संचालक डॉ. रणदीप गुलेरिया यांनी मे २०२१मध्ये नेमकं हेच सांगितलं होतं: आजार सौम्य आहे, ऑक्सिजनचं सॅच्युरेशन ठीक आहे, तर या तपासण्यांच्या मागे लागू नका. ऐकलं किती जणांनी? सीआरपी जरा चढला की घरी बसल्या-बसल्या स्टेरॉइड सुरू व्हायचं. ब्रिटनच्या ‘रिकव्हरी’ चाचणीने जून २०२०मध्येच दाखवलं होतं की डेक्सामेथासोन ऑक्सिजनवरच्या आणि व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे जीव वाचवतं. ऑक्सिजन लागत नसलेल्यांना त्याचा फायदा दिसला नव्हता. मधुमेह असलेल्यांची साखर मात्र त्याने भडकते, आणि म्युकरमायकोसिस या बुरशीच्या संसर्गाला तेवढं पुरतं.

शिवाय स्टेरॉइड घेतल्यावर न्यूट्रोफिल वाढतात, लिम्फोसाइट घटतात. म्हणजे औषधानेच एनएलआर चढतो आणि घरचे म्हणतात, ‘बघा, आजार वाढलाच!’ उलट टोसिलिझुमॅब हे औषध दिलं की आयएल-सिक्सचा मार्गच अडतो, सीआरपी खाली येतो, आणि खालचा आकडा पाहून संसर्ग नाही असं म्हणता येत नाही. रक्त कधी काढलं, आधी काय दिलं होतं, हे कळल्याशिवाय रिपोर्ट वाचणं माझ्या मते जुगारच.

ब्रिटनमध्ये ३५ हजारांहून अधिक रुग्णांच्या माहितीवर बेतलेल्या फोर-सी मृत्युजोखीम स्कोअरमध्ये आठ गोष्टी मोजतात. त्यातल्या रक्ताच्या दोनच, युरिया आणि सीआरपी. बाकी वय, लिंग, जुने आजार, श्वासाची गती, सॅच्युरेशन आणि रुग्ण किती शुद्धीवर आहे. यातली श्वासाची गती मोजायला घड्याळ पुरतं, तरी आपल्याकडच्या केसपेपरवर ती अनेकदा अंदाजानेच लिहिलेली असते.

एककांचा घोळ वेगळाच. एक लॅब सीआरपी मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये देते, दुसरी प्रति डेसिलिटरमध्ये. एकीचे ५० म्हणजे दुसरीचे ५. डी-डायमर मोजायच्या दोन पद्धतींत साधारण दुपटीचा फरक पडतो. सोमवारी एका लॅबमध्ये आणि बुधवारी दुसऱ्या लॅबमध्ये रक्त दिलं असेल, तर आकडा वाढला की घटला हे ठरवण्याआधी त्याच्या शेजारी बारीक अक्षरात छापलेलं एकक वाचावं लागतं.