शहर निवडावं पायऱ्या मोजून

गुडघे गेलेल्या आईला, अर्धांगवायूतून सावरलेल्या वडिलांना किंवा व्हीलचेअरवर असलेल्या मुलीला घेऊन दोन दिवस एखाद्या शहरात जायचं ठरलं, की घरात पहिला प्रश्न निघतो, 'तिथं पाहायला काय काय आहे?' मित्रहो, हा प्रश्न चालत्याफिरत्या माणसांचा आहे. ज्याला पाऊल उचलणं कठीण, त्याचा प्रश्न वेगळा असतो. घरच्या पलंगावरून निघून मुक्कामाच्या पलंगावर टेकेपर्यंत वाटेत पायऱ्या किती, उंबरठे किती, बसायला जागा कुठं आणि संडास कसा? या चार गोष्टींचा हिशेब जमला, की सहल जमली.

जानेवारी २००१ मध्ये शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या परिषदेला आले होते. तिथून ते दिल्लीला गेले. जंतरमंतर, कुतुबमिनार या वास्तू त्यांना पाहायच्या होत्या. अपंगांच्या हक्कांसाठी झटणारे जावेद आबिदी यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी पाठपुरावा केला आणि पुरातत्त्व खात्याने तिथं लाकडी उतार बसवले. ते तात्पुरते होते. पण जुन्या वास्तूला धक्का न लावता उतार करता येतो, हे त्यातून सगळ्यांना दिसलं. पुढं ३ डिसेंबर २०१५ ला 'सुगम्य भारत' मोहीम सुरू झाली. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा एप्रिल २०१७ पासून लागू झाला. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की सुगमतेचे किमान निकष नुसते सल्ल्यादाखल नकोत, ते बंधनकारक हवेत. कायदा आपल्या बाजूचा आहे. पण कायद्यातून पायरीपर्यंत पोचायला वेळ लागतो. तोवर चौकशी आपणच करायची.

ही चौकशी आकड्यांत करावी. उताराचा सर्वमान्य हिशेब एकास बारा असा आहे. म्हणजे पायरी १५ सेंटिमीटर उंच असेल, तर उतार १८० सेंटिमीटर लांब हवा. दोन हात लांबीची फळी टाकून 'रॅम्प आहे' म्हणणाऱ्यांवर विसंबू नये. त्या फळीवरून खुर्ची ढकलताना ढकलणारा आणि बसणारा दोघंही घसरतात. दाराची रुंदी ९० सेंटिमीटर असावी. अनेक लॉजमध्ये खोलीचं दार ठीक असतं, न्हाणीघराचं मात्र अरुंद असतं. म्हणून आपल्या खुर्चीची रुंदी टेपने मोजून ठेवावी आणि फोनवर न्हाणीघराच्या दाराचं माप मागावं. 'सोय आहे का?' असं विचारलं, तर उत्तर नेहमी 'आहे' असंच येतं. आम्हाला एका लॉजने 'लिफ्ट आहे' असं सांगितलं होतं. लिफ्ट खरोखरच होती, पण तिच्यापर्यंत पोचायला पाच पायऱ्या होत्या. तेव्हा प्रश्न असा विचारावा : रस्त्यापासून खोलीपर्यंत एकूण पायऱ्या किती? कमोड आहे का? त्याच्या बाजूला धरायला दांडी आहे का?

संडासाचा विषय चारचौघांत काढायला आपल्याला संकोच वाटतो. पण खरी अडचण तिथंच असते. आमची खाला वॉकर धरून वीसेक पावलं चालते. कुठं जायचं म्हटलं, की ती आदल्या रात्रीपासून पाणी पिणं सोडायची आणि विचारलं तर 'मला तहानच नाही' म्हणायची. घराघरांत अशा खाला, मावश्या, आज्या आहेत. 'तिला यायचंच नसतं' असं आपण म्हणतो. वास्तविक तिला यायचं असतं. वाटेत कुणाला तरी सांगावं लागेल, याची तिला लाज वाटत असते. उन्हात पाणी न पिणं म्हातारपणी धोक्याचंही आहे. म्हणून वाटेतला स्वच्छ, सपाट, कमोडचा संडास आधी हेरावा आणि थांबे त्याप्रमाणे ठरवावेत.

आता शहरांकडे वळू. आमच्या पूर्णा गावाहून मुंबई जवळ आहे, पण भिवंडीच्या गोदामांचे कंटेनर रस्त्यावर असतात. तेव्हा पहाटे निघणं शहाणपणाचं. मुंबईत समुद्र पाहायचा, तर मरीन ड्राइव्ह उत्तम. साडेतीन किलोमीटरचा सपाट पदपथ, बसायला लांबच लांब कठडा, आणि गाडी जवळ आणता येते. घारापुरीचं गणित उलटं आहे. गेटवेहून तासाभराचा होडीचा प्रवास, हलत्या होडीत चढउतार, आणि वर सुमारे सव्वाशे पायऱ्या. डोली मिळते, पण माणसांच्या खांद्यावर बसून जाणं सगळ्यांनाच रुचत नाही. हाजीअलीच्या दर्ग्याची वाट भरतीला पाण्याखाली जाते. तिथं दुवा मागायला जायचं, तर ओहोटीची वेळ पाहून, गर्दीचे गुरुवार-शुक्रवार टाळून जावं. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय १९२२ पासून लोकांसाठी खुलं आहे. अशा ठिकाणी निघण्यापूर्वी फोन करून व्हीलचेअर आणि लिफ्ट त्या दिवशी चालू आहे ना, एवढं विचारावं.

लांब जायचं, तर छत्रपती संभाजीनगर घ्या. वेरूळ आणि अजिंठा ही दोन्ही लेणी १९८३ मध्ये जागतिक वारसा यादीत गेली. वेरूळ शहरापासून तीसेक किलोमीटरवर, अजिंठा शंभरेक. वेरूळच्या कैलास लेण्याचं अंगण जमिनीच्या पातळीवर आहे. वरच्या मंदिरात जायला पायऱ्या आहेत, पण अंगणात खुर्ची थांबवून मान वर केली, तरी डोंगर कोरून काढलेलं ते अख्खं मंदिर समोर उभं राहतं. अजिंठ्याला मात्र चढण आधी, चित्रं नंतर. म्हणून एका मुक्कामात दोन्ही उरकण्याचा हट्ट नको. दिवसाला एकच ठिकाण, दुपारी झोप, आणि संध्याकाळ मोकळी.

रेल्वेने जाणार असाल, तर गाडी जिथून सुटते तिथूनच बसावं. मधल्या स्टेशनात ती दोन-तीन मिनिटंच थांबते. सोबतीशिवाय प्रवास करू न शकणाऱ्या अस्थिव्यंग प्रवाशाला आणि सोबतच्या एका माणसाला शयनयान वर्गात ७५ टक्के सवलत असते. त्यासाठी रेल्वेचं ओळखपत्र आधी काढावं लागतं. वयामुळे थकलेल्या गुडघ्यांना ही सवलत आपोआप मिळत नाही.

ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रोच्या आराखड्यात पूर्णा हे स्थानक आहे. सपाट फलाट आणि लिफ्ट असलेलं स्थानक गावात असणं म्हणजे नुसती वाहतुकीची सोय नव्हे. आज जी माणसं 'मी घरीच बरी' म्हणतात, त्यांच्यासाठी ते घराचं दार उघडणं आहे. पण स्थानकापर्यंतचा रस्ता, गटारावरची फरशी, रिक्षा थांबण्याची जागा हे सपाट झालं नाही, तर लिफ्ट तिथंच राहील आणि माणसं घरात.

आणि शहर कुठलंही निवडा, ते निवडताना ज्याच्यासाठी निवडतो आहोत त्याला समोर बसवा. आपण त्याच्या पाठीमागे बेत आखतो आणि त्याला 'तयार हो' एवढंच सांगतो. खालाला आम्ही संग्रहालयं, बागा, बाजार सगळं सुचवलं. तिला हवा होता फक्त समुद्राचा वारा आणि एक कप चहा. तेवढ्यासाठी एक कठडा आणि एक सपाट रस्ता पुरला.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)