घराचा नकाशा आणि जिन्याचा हिशेब



मी इंजिनियर नाही. कामगार संघटनेचे काम करताना हिशेब तपासण्याची सवय मात्र लागली, आणि घर बांधणे हाही एक हिशेबच आहे. आपल्या कळंबच्या बाजूला कामगार निवृत्त झाला, भविष्यनिर्वाह निधीची रक्कम हाती आली, की पहिला विचार घराचा करतो. ही पुंजी जन्मात एकदाच मिळते. कागदावरची रेघ पुसता येते; स्लॅब पुसता येत नाही.

मुंबईत १९२० च्या दशकात वरळी, नायगाव, शिवडी आणि हल्लीच्या ना. म. जोशी मार्गावर बी. डी. डी. चाळी उभ्या राहिल्या. तेथे एका बिऱ्हाडाला सुमारे १६० चौरस फुटांची एक खोली. तेच स्वयंपाकघर, तेच माजघर. अशा कोंडमाऱ्यातून आलेल्या माणसाला वाटते, आता खोल्याच खोल्या काढाव्यात. पण खोल्यांची संख्या म्हणजे सोय नव्हे. राष्ट्रीय इमारत संहिता (२०१६) सांगते की घरातल्या एका तरी राहत्या खोलीचे क्षेत्र निदान साडेनऊ चौरस मीटर, म्हणजे सुमारे १०२ चौरस फूट, आणि रुंदी २.४ मीटर, म्हणजे जवळजवळ आठ फूट असावी. त्याहून लहान दोन खोल्यांपेक्षा एक ऐसपैस खोली बरी.

आपल्या जुन्या घरांत ओटी, माजघर, स्वयंपाकघर, पडवी अशी रीत होती. तिच्यात शहाणपण होते. येणारा-जाणारा ओटीवर थांबे, घरातल्या बायकांना मोकळीक मिळे. आपला पाऊस नैऋत्येकडून झोडपतो. त्या बाजूला पडवी किंवा रुंद छज्जा हवाच. बाहेरून उघडा जिना काढला, तर चार महिने तो ओला आणि निसरडा राहणार, हेही ध्यानात घ्यावे.

आता मुख्य मुद्दा जिन्याचा. खोल्या आखून झाल्यावर जो कोपरा उरतो, त्यात जिना कोंबण्याची आपल्याकडे चाल आहे. हे उलटे झाले. आधी जिना, मग खोल्या.

एक उदाहरण घेऊ. खालच्या लादीपासून वरच्या लादीपर्यंत साडेदहा फूट, म्हणजे १२६ इंच. सात इंचांचा एक चढ धरला तर बरोबर १८ चढ. पाऊल ठेवण्याची जागा दहा इंच धरावी. चढाची दुप्पट अधिक पाऊल, मिळून २४ इंचांच्या आसपास आले की चालणे सुखाचे होते. येथे चौदा आणि दहा, चोवीस. सरळ जिन्याला १७ पावले, म्हणजे १४ फूट २ इंच लांबी लागेल. एवढी जागा नसेल तर मध्ये लँडिंग घेऊन जिना वळवावा.

डोक्यावरची मोकळी उंची संहितेप्रमाणे २.२ मीटर, म्हणजे सुमारे सव्वासात फूट, ८७ इंच हवी. पाच इंचांचा स्लॅब वजा जाता खालून छत १२१ इंचांवर येते. १२१ मधून ८७ गेले, उरले ३४. चौथी पायरी २८ इंचांवर, पाचवी ३५ वर. म्हणजे पाचव्या पायरीपासून वर स्लॅब मोकळा सोडलाच पाहिजे. तेथे स्लॅबखाली दहा इंच उतरणारा बीम आला, तर चौथ्या पायरीवरच उंची ८३ इंच भरते. मोकळी जागा आणखी एक पायरी आधीपासून हवी. बीम कोठे येतो हे म्हणूनच सेंट्रिंग लागण्यापूर्वी विचारावे.

वळत्या जिन्याचे लँडिंग नवव्या चढावर, ६३ इंचांवर येते. स्लॅब वजा करता खाली ५८ इंच, म्हणजे पाच फूटसुद्धा नाहीत. तरी पुष्कळ घरांत परसदार किंवा न्हाणीघर नेमके त्याच्याखाली काढतात. मग घागर घेऊन जाणाऱ्या बाईला जन्मभर वाकावे लागते. तेथे लाकूडफाटा, धान्य ठेवावे. वाट काढू नये.

आणखी एक खबरदारी. लादी मागाहून बसते. तिची जाडी हिशेबात धरली नाही, तर पहिली आणि शेवटची पायरी इतरांपेक्षा कमी-जास्त होते. पायाला एक सवय लागलेली असते. अंधारात म्हातारे माणूस अशाच पायरीवर अडखळते.

शेवटी एक बिनखर्चाचा उपाय. पाया खणण्यापूर्वी जागेवर फक्कीने सगळे घर खऱ्या मापाने आखा. खाट, चूल, कपाट यांच्या जागा मांडा. घरातल्या बाईला आणि वृद्धांना त्यातून चालवून बघा. राबायचे त्यांनाच आहे. सव्वासात फुटांचा एक बांबू कापून ठेवा. सेंट्रिंग बांधून झाले की पायऱ्यांच्या आखणीवर तो उभा धरून वर न्या. कोठे अडला तर स्लॅब ओतण्याआधी काम थांबवा. ठेकेदार कुरकुर करील, करू द्या. करार वाचल्यावाचून सही करू नये, हे आम्ही कामगारांना सांगतो. घराचा नकाशा हाही करारच आहे, आणि तो पुढच्या पिढीलाही बांधतो.