पिल्लू खाल्ले की ओकते?

परवा एक शाळकरी मुलगा दवाखान्यात उलटीची गोळी मागायला आला. “कोणाला?” “पिल्लाला. खाल्लं की ओकतं.” मी माणसांचा डॉक्टर. गोळी दिली नाही. माणसांची औषधे, विशेषतः ताप-अंगदुखीच्या गोळ्या, कुत्र्याला विषासारख्या बाधू शकतात.

खाल्ल्याबरोबर, पोटाला आचके न देता, न पचलेले अन्न पडले तर बहुधा अधाशीपणा; क्वचित अन्ननलिकेचा दोष. अधाशी पिल्लाला थोडे थोडे, तीन-चार वेळा द्यावे. पोट फुगलेले, ओकारीत शेवयांसारखे जंत दिसले तर जंतांचे औषध हवे. या जंतांची अंडी मातीतून मुलांच्याही पोटात जातात, म्हणून हात साबणाने धुवावेत. हाड किंवा चिंधी अडकली तरी ओकाऱ्या थांबत नाहीत.

ओकारीबरोबर रक्ताची हगवण आणि मलूलपणा असेल तर ‘पार्व्हो’ची शंका घ्यावी. मग उद्यावर ढकलू नये. त्याची लस दीड-दोन महिन्यांच्या वयापासून टोचतात.

मुलाला मी लगेच गुरांच्या दवाखान्यात धाडले. पार्व्होच निघाला. चार दिवस सलाइन लागले, पिल्लू वाचले. लस मात्र टोचलेली नव्हती.