बंद मोअरचे पातेही धोक्याचेच

पावसाळ्यात सोसायटीच्या लॉनवर पेट्रोलचे लॉनमोअर फिरू लागते. ओले गवत पात्याभोवती गच्च अडकते, इंजिन बंद पडते आणि चालवणारा खाली हात घालतो. बोटे जाण्याचा धोका नेमका इथे असतो.

या यंत्रात पाते बहुधा थेट इंजिनच्या क्रँकशाफ्टवर बसवलेले असते. ठिणगीसाठी बॅटरी लागत नाही. फ्लायव्हीलवरचे चुंबक कॉइलसमोरून गेले की ती पडते. म्हणजे पाते हाताने फिरवणे हे स्टार्टरची दोरी ओढण्यासारखेच. दांडीवरचा लिव्हर सोडला की ठिणगी बंद होते, हे खरे; पण त्याची वायर निखळली असेल, किंवा कुणी सोयीसाठी लिव्हर सुतळीने बांधून ठेवला असेल (हा भलताच उद्योग), तर सिलिंडरमधले उरलेसुरले पेट्रोल पेटून पाते झटका देऊ शकते. ५० सेंटिमीटरचे पाते मिनिटाला ३,००० फेरे घेते, तेव्हा त्याच्या टोकाचा वेग ताशी सुमारे २८० किलोमीटर असतो.

म्हणून आधी स्पार्क प्लगची टोपी काढून बाजूला करावी, मग गवत काठीने काढावे. यंत्र कलते करताना एअर फिल्टर वरच्या अंगाला ठेवावा, नाहीतर त्यात ऑइल उतरते. पेट्रोल इंजिन गार झाल्यावरच भरावे. कापणीपूर्वी लॉनवरचे खडे, तारांचे तुकडे वेचावेत. डोळ्यांना चष्मा, पायांत जाड बूट हवेत. चप्पल मुळीच नको. आणि मुले तेवढा वेळ घरातच बरी.