शेरीला पिल्लं होऊ द्यावीत का? थोडं 'माहीत नसलेल्या' डेटाबद्दल



आज उदाहरण घरचंच घेते. गेल्या वर्षी ओळखीचं एक कुटुंब परदेशी गेलं आणि जाताना त्यांची तीन वर्षांची लॅब्रेडॉर, शेरी, आमच्याकडे देऊन गेलं. समोरच्या काकांकडे देखणा लॅब आहे. काकांचं म्हणणं, "एकदा तरी पिल्लं होऊ दे, तिच्या तब्येतीला चांगलं असतं." आईलाही ते पटलं. मी जनुकशास्त्रात पीएचडी करते, त्यामुळे निर्णय माझ्या गळ्यात!

काकांचं वाक्य तपासून पाहू. एक बाळंतपण झालं नाही म्हणून कुत्रीची तब्येत बिघडते, याला ठोस पुरावा नाही. उलट बाळंतपणाचे स्वतःचे धोके असतात: पिल्लू अडकणं, सिझेरियन करावं लागणं, दूध पाजताना रक्तातलं कॅल्शियम घसरणं. मग काकांचा दुसरा मुद्दा: "दोघंही ठणठणीत आहेत की!"

इथेच आपली खरी परीक्षा आहे. ठणठणीत *दिसणं* हे निरीक्षण आहे, जनुकं चांगली *असणं* हा निष्कर्ष. लॅब्रेडॉरमध्ये डोळ्याचा पडदा हळूहळू निकामी करणारा पीआरए नावाचा आजार आढळतो. त्याच्या एका नेहमीच्या प्रकारात सदोष जनुकाच्या दोन प्रती लागतात, एक आईकडून आणि एक वडिलांकडून. एकच प्रत असलेला कुत्रा 'वाहक' असतो आणि आयुष्यभर नीट पाहतो. दोन प्रती असलेल्यालाही लक्षणं अनेकदा मधल्या वयात दिसतात, तोवर त्याची पिल्लं होऊनही गेलेली असतात.

समजा, शेरी आणि काकांचा कुत्रा दोघंही वाहक आहेत. मग प्रत्येक पिल्लू आजारी निघण्याची शक्यता २५ टक्के. सहा पिल्लं झाली, तर एकही आजारी न निघण्याची शक्यता किती? ०.७५ चा सहावा घात, म्हणजे साधारण १८ टक्के. म्हणजे दोघंही वाहक असताना सहाच्या सहा पिल्लं निरोगी निघणं अगदीच अशक्य नाही. "आमच्या कुत्र्याची आधीची सगळी पिल्लं छान आहेत" हा पुरावा किती तोकडा आहे, ते लक्षात आलं ना?

यावर उपाय आहे, डीएनए चाचणी. शेरीत सदोष प्रत नसेल तर या एका आजाराची चिंता मिटते. पण याच *एका* आजाराची. खुब्याच्या सांध्याचा दोष, म्हणजे हिप डिस्प्लेशिया, अनेक जनुकांवर आणि वजन, आहार, व्यायाम यांवरही अवलंबून असतो. त्यासाठी एक्स-रे काढतात, पण शेरीचा एक्स-रे फक्त शेरीबद्दल सांगतो. तिची पिल्लं कशी निघतील याचा अंदाज बांधायला तिचे आईवडील, भावंडं यांची माहिती हवी. दत्तक आलेल्या कुत्र्याच्या बाबतीत नेमकी तीच नसते. आमच्याकडे आलेल्या फाईलमध्ये लसीकरणाच्या नोंदी होत्या, आईवडिलांचा कॉलम कोरा.

हा कोरा कॉलम म्हणजे 'शून्य' नव्हे. संख्याशास्त्रात आपण विचारतो: माहिती योगायोगाने गळली, की गळण्यामागे काही कारण आहे? कुत्रा दुसऱ्याला देण्याचं सांगितलेलं कारण कधी कधी अर्धंच असतं. फिट्स येणं, चावरेपणा या गोष्टी कोण आनंदाने सांगतं? शेरीच्या घरच्यांवर माझा संशय नाही, पण माझा विश्वास म्हणजे डेटा नव्हे.

शेवटी प्रश्न उरला तो, चूक झाली तर किंमत कोण मोजणार? पिल्लं न होऊ दिल्याने आमची थोडी हौस राहील. होऊ दिली आणि अंदाज चुकला, तर किंमत ती पिल्लं मोजतील आणि ती घेऊन जाणारी सहा घरं. मी नसबंदीची तारीख घेतली. आई दोन दिवस घुश्शात होती, पण ऑपरेशनच्या रात्री शेरीजवळ तीच बसून होती.

आता तुमचं काम. तुमच्या संशोधन प्रस्तावाचा मसुदा उघडा आणि तीन गोष्टी लिहून काढा: मी काय *पाहिलंय*, काय *गृहीत धरलंय*, आणि कुठला कॉलम *कोरा* आहे. तिसऱ्या यादीत काहीच नसेल, तर मसुदा पुन्हा वाचा. बहुतेक वेळा ती यादी रिकामी नसते, आपण ती लिहिलेली नसते.