काठमांडू-पोखरा : निघण्यापूर्वी

भारतीयांना नेपाळचा व्हिसा लागत नाही. पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र चालतं. घड्याळ पंधरा मिनिटं पुढे करा.

काठमांडूच्या दरबार चौकातला काष्ठमंडप २०१५च्या भूकंपात कोसळला, आता पुन्हा उभा आहे. शेजारीच १७५७ साली बांधलेलं कुमारी घर. आतल्या चौकात उभं राहून कोरीव लाकडी खिडक्या निवांत पाहा. नशीब असेल तर जिवंत देवी कुमारी क्षणभर डोकावते. तिचा फोटो मात्र काढायचा नाही.

पोखरा साधारण २०० किलोमीटर, पण रस्ता घाटाचा. अख्खा दिवस धरूनच चला. फेवा तलावातल्या बेटावरच्या तालबाराही मंदिरात होडीने जातात. ६,९९३ मीटर उंचीच्या माछापुच्छ्रेवर चढाईला बंदी आहे. पावसाळा टाळाच : दरडी कोसळतात, शिखरंही ढगात.